कार्डातून टाइमलाइनवर: कच्च्या फूटेजची मांडणी आणि सांभाळ

संकलनाचे पहिले दोन दिवस कापाकापीत जात नाहीत, शोधाशोधीत जातात. कुठला शॉट कुठल्या डिस्कवर आहे, दुसऱ्या कॅमेऱ्याचं तिसरं कार्ड उतरवलं होतं की नाही, टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये शॉट क्रमाने लावतो त्या पट्टीवर, अचानक 'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी का आली, यातच वेळ सरतो. हा त्रास जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. त्यासाठी एकच गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल एकदा डिस्कवर उतरली की तिचं नाव बदलायचं नाही, जागा हलवायची नाही आणि तिच्याबरोबर आलेल्या बाकीच्या फाइलींनाही हात लावायचा नाही. निवड, वर्गवारी, नावं, शेरे हे सगळं संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या आत करायचं. पुढची प्रत्येक पायरी याच नियमावर उभी आहे.

शूटिंगच्या आधी: जागेचा हिशेब आणि कॅमेऱ्याची घड्याळं

किती डिस्क लागेल हे अंदाजाने ठरवू नका. कॅमेऱ्याच्या मेनूत दिसणारा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लिहिला जाणारा डेटा, मेगाबिटमध्ये असतो. त्याला ८ ने भागलं की सेकंदाला किती मेगाबाइट ते कळतं. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. दोन कॅमेऱ्यांवर प्रत्येकी तीन तासांचं रेकॉर्डिंग झालं तर २७० गिगाबाइट, आणि त्याच्या दोन प्रती म्हणजे ५४० गिगाबाइट. हेच काम प्रोरेझ ४२२ एचक्यू या जड फॉरमॅटमध्ये, यूएचडी (३८४० × २१६०) आकारात, २५ फ्रेमने केलं तर बिटरेट ७३७ मेगाबिटच्या घरात जातो आणि एका तासालाच ३३० गिगाबाइटच्या वर जागा लागते. फॉरमॅट बदलला की डिस्कचं गणित सातपट बदलतं, म्हणून हा आकडा शूटिंगच्या आदल्या दिवशी हातात हवा. एक टेराबाइटची डिस्क विंडोजवर ९३१ गिगाबाइट दिसते, तेही धरून चाला आणि वर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. काठोकाठ भरलेली डिस्क मंदावते.

सगळ्या कॅमेऱ्यांची आणि ध्वनिमुद्रकाची तारीख-वेळ एकत्र बसून सेकंदापर्यंत जुळवा. टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उमटणारा वेळेचा शिक्का, 'फ्री रन'वर, म्हणजे घड्याळाच्या वेळेवर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे दोन कॅमेऱ्यांचे शॉट वेळेनुसार लावले की ते आपोआप शेजारी येतात. एका कॅमेऱ्याचं घड्याळ मागच्या वर्षात अडकलेलं असेल तर ही सोय गेलीच, शिवाय नंतर प्रत्येक क्लिप डोळ्यांनी ओळखत बसावं लागतं.

फाइल क्रमांकाची सेटिंग बहुतेक जण बघतच नाहीत. सोनीच्या कॅमेऱ्यांत तिथे 'सिरीज' आणि 'रीसेट' असे दोन पर्याय असतात. 'रीसेट' असेल तर कार्ड बदललं की क्रमांक पुन्हा सी०००१ पासून सुरू होतो. तीन कार्डं म्हणजे सी०००१ नावाच्या तीन फाइली. सॉफ्टवेअर हरवलेली फाइल आधी नावावरून शोधतं. त्यामुळे डिस्क बदलल्यावर रीलिंक करताना, म्हणजे क्लिपा पुन्हा मूळ फाइलींशी जोडताना, ते निमूटपणे भलत्याच कार्डातली सी०००१ जोडून मोकळं होतं. चूक झाल्याची पाटी येत नाही, इशारा मिळत नाही. फक्त मुलाखतीच्या मधोमध रस्त्याचा शॉट दिसतो. म्हणून 'सिरीज' निवडा. कॅमेऱ्यात फाइलनावाचा उपसर्ग ठरवता येत असेल तर एकाला ए, दुसऱ्याला बी द्या.

कार्डांवरही क्रमांकाची चिठ्ठी हवी. भरलेलं कार्ड आणि रिकामं कार्ड यांच्यासाठी दोन रंगांच्या पट्ट्या किंवा दोन वेगळे डबे ठेवा. कुठला रंग कशाला हे युनिटमधल्या प्रत्येकाला ठाऊक असलं म्हणजे झालं.

फोल्डरचा साचा

रिकाम्या फोल्डरांचा एक साचा करून ठेवा आणि दर प्रकल्पाला त्याची प्रत घ्या (रशेस म्हणजे कॅमेऱ्यातलं कच्चं फूटेज, प्रॉक्सी म्हणजे संकलनापुरत्या बनवलेल्या हलक्या प्रती):

०१_रशेस
०२_ध्वनी
०३_प्रॉक्सी
०४_प्रोजेक्ट
०५_ग्राफिक्स_संगीत
०६_एक्सपोर्ट
०७_कागदपत्रं

रशेसच्या आत आधी तारीख, मग कॅमेरा, मग कार्ड: ०१_रशेस / २०२५-०३-१४ / ए-कॅम / ए००१. ए००१ म्हणजे ए कॅमेऱ्याचं पहिलं कार्ड. तीन कार्डं भरून झाल्यावर तेच कार्ड फॉरमॅट करून पुन्हा वापरलं तर ते ए००४ होतं, कारण हा क्रमांक प्लॅस्टिकच्या तुकड्याचा नसून भरण्याचा आहे. प्रकल्प संपेपर्यंत एक क्रमांक दोनदा येता कामा नये. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, म्हणजे नावानुसार लावलं की दिवसांचा क्रमही बरोबर लागतो.

इथे वाचायला सोपं जावं म्हणून नावं देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच लिहा. देवनागरी नावाचा फोल्डर रोजच्या वापरात छान चालतो, पण ईडीएलसारख्या जुन्या देवाणघेवाणीच्या फाइलींत किंवा कमांडवर चालणाऱ्या साधनांत तीच अक्षरं चौकटी होऊन बसतात. मोकळी जागा टाळा, तिथे अधोरेषा द्या. तिरकी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबं, तारांकन, प्रश्नचिन्ह यांना विंडोज नावात घेतच नाही. नावं आटोपशीर ठेवा, कारण विंडोजवर अनेक प्रोग्रॅमना संपूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत लागतो आणि कार्डातली फोल्डरांची उतरंड आधीच खोल असते.

कार्ड उतरवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे घाई नको.

पहिलं, कार्ड रीडरमध्ये घालण्याआधी त्याच्या कडेची कुलपाची पट्टी खाली सरकवा. मायक्रोएसडी असेल तर ती ॲडॉप्टरला असते. मॅक आणि विंडोज दोन्ही कार्डावर स्वतःच्या छुप्या फाइली लिहू शकतात. कुलूप असलं की ते होत नाही आणि चुकून काही पुसलंही जात नाही.

दुसरं, संपूर्ण कार्ड उचला. फक्त व्हिडिओ फाइली निवडून घ्यायच्या नाहीत. सोनीच्या एक्सएव्हीसी-एस कार्डात व्हिडिओ 'क्लिप' नावाच्या फोल्डरात असतात आणि प्रत्येकाशेजारी एक छोटी एक्सएमएल फाइल असते. टाइमकोड आणि कॅमेऱ्याची माहिती त्यात असते. एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये तर लांब रेकॉर्डिंगचे एमटीएस तुकडे होतात आणि ते एकमेकांना कसे जोडायचे हे बाजूच्या फाइलींत लिहिलेलं असतं. नुसते एमटीएस उचलले तर जोडाच्या ठिकाणी आवाज तुटू शकतो. या बारीक फाइलींचं वजन काही किलोबाइट असतं, त्या सोडून काहीच वाचत नाही.

तिसरं, 'कट' करून हलवायचं नाही, नेहमी 'कॉपी'. हलवताना केबल निसटली तर अर्ध्या फाइली इकडे, अर्ध्या तिकडे राहतात.

चौथं, कार्डावरून दोन वेगळ्या डिस्कवर स्वतंत्रपणे उतरवा. कार्डावरून पहिली डिस्क आणि त्या डिस्कवरून दुसरी असं केलं तर पहिल्या वेळची चूक दुसरीतही जशीच्या तशी उतरते.

पाचवं, पडताळणी. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळले म्हणजे आत सगळं ठीक आहे असं नाही. त्यासाठी चेकसम हवा: प्रत्येक फाइलच्या मजकुरातून काढलेला एक लांबलचक आकडा, जो एक बिट बदलला तरी पार वेगळा येतो. विंडोजवर टेराकॉपीत पडताळणीचा पर्याय आहे, डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मीडिया पानावर 'क्लोन टूल' आहे आणि ते चेकसमसह कॉपी करतं, कमांड वापरणाऱ्यांसाठी आरसिंक आहे. फाइंडर किंवा एक्स्प्लोररमध्ये ओढून टाकणं म्हणजे पडताळणी नव्हे. १२८ गिगाबाइटचं भरलेलं कार्ड सेकंदाला ९० मेगाबाइटने वाचलं तर कॉपीला साधारण २४ मिनिटं लागतात आणि पडताळणीत सगळं पुन्हा वाचायचं असल्याने जवळपास तेवढाच वेळ आणखी. शूटिंगच्या वेळापत्रकात हा वेळ धरलेला हवा, नाहीतर पडताळणी पहिली गळते.

सहावं, बघा. चेकसम फक्त एवढंच सांगतो की डिस्कवरचं आणि कार्डावरचं एकसारखं आहे. कार्डावरच आवाज आला नसेल तर चेकसम बिनचूक जुळेल. पहिली, मधली आणि शेवटची क्लिप उघडून हेडफोन लावून ऐका, आणि लांब क्लिपच्या शेवटाकडेही जा.

सातवं, नोंद. कार्ड क्रमांक, कॅमेरा, क्लिप किती, आकार किती, कुठल्या दोन डिस्कवर, पडताळणी कोणी केली. एक ओळ पुरे. साधी वही चालते, पण ती ओळ भरल्याशिवाय कार्ड 'रिकामं' डब्यात जाता कामा नये. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करा, संगणकावर नको. कॅमेऱ्याला हवी तशी फोल्डरांची रचना त्यानेच घातलेली बरी.

डिस्क मॅक आणि विंडोज दोन्हींवर फिरणार असेल तर ती एक्सफॅट या दोन्हींना चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवावी लागते, कारण मॅक विंडोजची एनटीएफएस डिस्क वाचतो पण मुळात तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, नसतं, त्यामुळे 'इजेक्ट' न करता केबल ओढली तर फोल्डरची यादीच बिघडू शकते. मॅकवर वापरलेली अशी डिस्क विंडोजवर उघडली की प्रत्येक क्लिपच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी, काही किलोबाइटची, न चालणारी जुळी फाइल दिसते. ती मॅकने स्वतःची माहिती ठेवायला बनवलेली असते. फूटेज खराब झालंय असं समजून घाबरू नका, पण मोजणी करताना ती वगळा, नाहीतर संख्या दुप्पट येईल.

ॲक्शन कॅमेरा आणि फोन: वेगळी काळजी

गोप्रो लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो आणि तुकड्याचा क्रमांक नावात आधी घालतो, फाइलचा क्रमांक नंतर. म्हणजे जीएक्स०१०१२३ आणि जीएक्स०२०१२३ हे एकाच रेकॉर्डिंगचे पहिला आणि दुसरा तुकडा. नावानुसार लावलं की सगळ्या रेकॉर्डिंगचे पहिले तुकडे एकत्र येतात, मग सगळे दुसरे. शेवटच्या चार अंकांवरून जोड्या लावा, किंवा वेळेनुसार यादी लावा. एलआरव्ही फाइली त्याच क्लिपच्या हलक्या प्रती असतात.

फोनचं फूटेज बहुतेक वेळा बदलत्या फ्रेमरेटचं असतं: ३० फ्रेम लिहिलेले असले तरी उजेडानुसार आणि फोनवरच्या भारानुसार मधली अंतरं कमी-जास्त होतात. टाइमलाइनवर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहा मिनिटांनी सरकलेले असतात. अशा क्लिपा हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून स्थिर फ्रेमरेटच्या करून घ्या. मूळ फाइल रशेसमध्येच राहू द्या आणि बदललेली शेजारी 'स्थिर' फोल्डरात ठेवा. मेसेजिंग ॲपवर साधा व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप घेऊ नका, ती दाबून लहान केलेली असते. पाठवणाऱ्याला ती डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवायला सांगा.

ध्वनी

रेकॉर्डरच्या फाइलीही तारखेनुसार आणि कार्डानुसार, त्याच शिस्तीने. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर असल्याची खात्री करा, ४४.१ हा गाण्यांच्या सीडीचा दर आहे, व्हिडिओचा नव्हे. टाइमकोड जुळलेला असेल तर सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं, काही सेकंदांचं काम आहे. नसेल तर टाळी किंवा क्लॅप आणि ध्वनिलहरींवरून जुळवा. त्यासाठी कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक, कितीही वाईट असला तरी, चालू हवा. सिंक पहिला कट मारण्याच्या आधी संपवा. कापून झालेल्या टाइमलाइनवर एकेक तुकडा जुळवत बसणं म्हणजे तेच काम शंभर वेळा करणं.

प्रॉक्सी

एच.२६५ किंवा एच.२६४ पद्धतीने दाबलेल्या फाइली लहान असूनही संगणकाला जड जातात. कारण त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम, मग काही काळ फक्त बदल. कर्सर मधल्या फ्रेमवर नेला की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब करत यावं लागतं. प्रोरेझ प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या प्रॉक्सीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून ती लोण्यासारखी सरकते. १०८० आकाराची, २५ फ्रेमची प्रोरेझ प्रॉक्सी ३८ मेगाबिटच्या आसपास असते, म्हणजे तासाला सुमारे १७ गिगाबाइट.

प्रॉक्सी आणि मूळ फाइल यांचं नाव, फ्रेमरेट, लांबी, टाइमकोड आणि ऑडिओच्या चॅनेलची संख्या सारखी असायला हवी. घोटाळा बहुधा शेवटच्या बाबीत होतो: कॅमेऱ्याच्या फाइलीत चार चॅनेल, प्रॉक्सीत दोन, आणि प्रीमियर हे संकलनाचं सॉफ्टवेअर ती जोडायला नकार देतं. आधी एकच क्लिप करून जोडून बघा, मग रात्रभर सगळ्या लावा. शेवटच्या एक्सपोर्टआधी प्रॉक्सी बंद आहे ना, हे तपासा. प्रॉक्सी आणि कॅश (सॉफ्टवेअरने स्वतःसाठी बनवलेल्या तात्पुरत्या फाइली) पुन्हा बनवता येतात, त्यांच्या जास्तीच्या प्रती ठेवण्यात जागा घालवू नका.

सॉफ्टवेअरच्या आत: खरं काम इथे

आधी डिस्कवरची रचना जशीच्या तशी बिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतल्या फोल्डरांत, आणा: तारीख, कॅमेरा, कार्ड. या बिनना पुढे कोणी हात लावायचा नाही, कारण काही हरवलं की शोधायला इथेच परत यायचं आहे. दुसरी वर्गवारी विषयानुसार, स्मार्ट बिन किंवा कीवर्डने करा. कथापट असेल तर सीन, शॉट, टेक; सेटवर पसंत पडलेला टेक शीटवरून खुणवून घ्या. माहितीपट असेल तर मुलाखती माणसानुसार आणि मुद्द्यानुसार. बी-रोल, म्हणजे मुलाखतीवर लावायचे जोडशॉट, मात्र जागेनुसार लावून भागत नाही, त्यात क्रिया आणि शॉटचा आकारही हवा, कारण तिसऱ्या आठवड्यात तुम्ही 'हात, क्लोज' शोधणार असता, 'मंगळवार, सकाळ' नव्हे.

शेरा कसा लिहावा? 'मुलाखत चांगली' या शेऱ्याचा कोणालाच उपयोग नाही. असा लिहा: 'मिड क्लोज, डावीकडे बघते, ०२:१४ ला "तेव्हा पूल झालाच नव्हता" पासून ०२:५० पर्यंत सलग, मागे मोटारीचा आवाज, शेवटी हसते.' आकार, नजर, नेमकी वेळ, वाक्याची सुरुवात, दोष आणि एखादी जिवंत गोष्ट. एवढं असलं की क्लिप न उघडता तिचा विचार करता येतो. मुलाखतीच्या तासभर फूटेजला असे शेरे द्यायला दीड-दोन तास सहज लागतात, आणि ते लागू द्यावेत. संकलक फूटेजला ओळखायला लागतो तो याच वेळात.

प्रतवारी तीनच पायऱ्यांची ठेवा: घ्यायचं, कदाचित, नको. पाच तारे दिले की तीन आणि चारमधला फरक चौथ्या दिवशी आठवत नाही. 'नको'वाल्या क्लिपा डिस्कवरून पुसू नका. कट झाकायला लागणारी नजर किंवा मान डोलावणं, खोलीची शांतता, 'ॲक्शन'च्या आधीचा मोकळा चेहरा हे अनेकदा त्याच ढिगात सापडतं.

प्रोजेक्ट फाइल रोज नव्या नावाने साठवा: तारीख आणि आवृत्ती. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच_फायनल' यांतली नवी कोणती हे महिन्याने कोणीच सांगू शकत नाही. ही फाइल लहान असते, ती रोज ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर टाका. रशेस पुन्हा जोडता येतात, पंधरा दिवसांचे कट पुन्हा आठवत नाहीत.

फाइल उघडतच नसेल तर

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली की एमपीफोर फाइल आकाराने मोठी दिसते पण चालत नाही. चित्र आत असतं. कोणती फ्रेम कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबताना लिहिली जाते, ती राहून गेलेली असते. कार्ड फॉरमॅट करू नका, त्यावर पुढे शूटही करू नका. आधी त्याच कॅमेऱ्यात परत घाला. बरेच कॅमेरे दुरुस्तीचा पर्याय स्वतःच देतात. त्याने नाही झालं तर अनट्रंकसारखी साधनं त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून घेऊन अनुक्रमणिका नव्याने रचतात. म्हणून अशा वेळी एक चांगली नमुना क्लिपही हाताशी ठेवा.

चुकून फॉरमॅट झालं असेल तर कार्ड ताबडतोब बाहेर काढून बाजूला ठेवा. बहुतेक वेळा फॉरमॅट फक्त यादी पुसतं, मजकूर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. फोटोरेकसारखं साधन तो वाचू शकतं, पण मिळालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच कार्डावर नाही. फाइलींची नावं जातात, तुकडे पडू शकतात, म्हणून मग नोंदवहीतली क्लिपांची संख्या कामी येते.

काम संपल्यावर

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत वेगळ्या जागी. रेड लावलेला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला, डिस्कसंच ही एकच प्रत धरा: एक डिस्क बिघडली तर तो काम चालू ठेवतो, पण चुकून पुसलेली फाइल सगळीकडून एकदमच पुसली जाते. एसएसडी संकलनाला उत्तम, पण वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवायला नाही. त्यासाठी साध्या हार्ड डिस्कची जोडी बरी, आणि तीही वर्षातून एक-दोनदा जोडून, चेकसम पुन्हा चालवून बघायची. काम मोठं असेल तर एलटीओ, म्हणजे डेटा साठवायची चुंबकीय टेप. एलटीओ-८च्या एका टेपवर मूळ १२ टेराबाइट मावतात, एलटीओ-९वर १८.

संग्रहात रशेस, ध्वनी, वापरलेले फाँट, संगीत, प्रोजेक्ट फाइल आणि चेकसमची यादी एकत्र जाऊ द्या. जोडीला टाइमलाइनची एक्सएमएल, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी कटांची यादी, काढून ठेवा, कारण आजचं सॉफ्टवेअर पुढे असेलच असं नाही. आणि संग्रह बंद करण्याआधी तो वेगळ्याच संगणकावर, मूळ डिस्क न जोडता, उघडून बघा. लाल पाटी एकाही क्लिपवर दिसली तर जी फाइल साच्याबाहेर, कुणाच्या तरी डेस्कटॉपवर राहिली होती ती त्याच दिवशी शोधता येते. ज्याच्याकडे आहे तो माणूस अजून फोनवर असतो.